एका मंद आवाजाचे श्रोते



गाणें कसें म्हणावें याविषयीं बोलणारे पुष्कळ आहेत. मला आज गाणें ऐकणारांविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत. तेहि आपल्याकडील नव्हेत, तर इंग्लंडांतील एका तरुण गायकाच्या एका लहानशा ध्वनिमुद्रिकेचे श्रोते. या विषयावर बोलण्याचा तुमचा अधिकार काय, असें कोणी विचारील तर उत्तर सोपें आहे: कांहीं नाहीं. मी जुन्या अकरावीपर्यंत शिकलेला आणि चौतीस वर्षें प्राथमिक शाळेंत पाढे व शुद्धलेखन शिकवून निवृत्त झालेला मनुष्य. पाश्चात्य संगीताचें ज्ञान मला नाहीं, आणि इंग्रजी गाण्यांतील शब्द पहिल्या खेपेस निम्मेहि कळत नाहींत. परंतु श्रोता होण्यास परीक्षा द्यावी लागत नाहीं, एवढ्या एकाच आधारावर मी आपल्यापुढें बसलों आहें.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत माझा नातू घरीं आला होता. रात्रीं जेवणें आटोपल्यावर त्यानें मोबाइलला एक लहानसा स्पीकर जोडून एक गाणें लावलें. गिटारीच्या तारा छेडल्याचा ध्वनि येऊं लागला, आणि मागोमाग एक हलका, कांहींसा धुरकट पुरुषी आवाज. मी वाट पाहूं लागलों. आपल्याकडे आधीं तंबोरे जुळतात, तबलजी हातोडी बाजूस ठेवतो आणि मग बैठक रंगूं लागते. तसेंच कांहीं पुढें होईल अशी माझी समजूत. पहिल्या गाण्याच्या मध्यावर पियानोचे थोडेसे स्वर कानीं पडले, तेव्हां मला वाटलें, आले साथीदार! पण ते स्वर आले तसे गेले, आणि शेवटपर्यंत पुन्हां फिरकले नाहींत. अर्ध्या तासाच्या आंत सगळें संपलें. मीं नातवास विचारलें, "हें कच्चें गाणें आहे का रे? पक्कें केव्हां करणार?" तो हंसला व म्हणाला, "आजोबा, हें पन्नास वर्षांपूर्वींच पक्कें झालें आहे."

माझी ही पहिली प्रतिक्रिया मुळींच नवी नव्हती, हें मला मागाहून कळलें. जे जे कोणी ही तबकडी ऐकतात त्यांपैकीं बरेचजण प्रथम हेंच म्हणतात: हें अपुरें आहे, हा नुसता कच्चा आराखडा आहे. दुसरे कांहीं म्हणतात, हें फार उदास आहे, ऐकवत नाहीं. आणि कांहींजण कांहींच म्हणत नाहींत, पण वर्षानुवर्षें तीच तबकडी ऐकत राहतात. एकाच वस्तूविषयीं इतकीं निरनिराळीं मतें कां व्हावींत, आणि काळाप्रमाणें तीं कशीं पालटत गेलीं, हें पाहण्यासारखें आहे.

तबकडीचें नांव 'पिंक मून', म्हणजे गुलाबी चंद्र. गायक निक ड्रेक. लंडनच्या आयलंड कंपनीनें ती २५ फेब्रुवारी १९७२ रोजीं बाजारांत आणली. तींत अकरा गाणीं असून सर्व मिळून अठ्ठावीस मिनिटांचा मामला आहे. आजकाल 'इंडी फोक' या नांवानें ओळखली जाणारी एक गायनपद्धति आहे. थोड्या साहित्यानें, मोठ्या झगमगाटापासून दूर राहून, लोकगीताच्या धाटणीवर स्वतः रचलेलीं गाणीं स्वतःच म्हणणारे हे लोक. त्यांतले पुष्कळजण या ड्रेकला आपला पूर्वज समजतात.

त्याचा जन्म १९ जून १९४८ रोजीं रंगून येथें झाला. वडील रॉडनी ड्रेक हे बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनमध्यें इंजिनियर होते. १८६३ सालीं आपल्या मुंबईंत स्थापन झालेली, ब्रह्मदेशांतील सागवानाचा व्यापार करणारी हीच ती कंपनी. त्याची थोरली बहीण गॅब्रिएल लाहोरास जन्मली आणि पुढें नटी म्हणून नांवारूपास आली. आई मॉली स्वतः गाणीं रचून पियानोवर म्हणत असे, मात्र घरांतल्या घरांत. मुलगा लहान असतांनाच कुटुंब इंग्लंडांत परतलें व वॉरिकशायरमधील टॅनवर्थ-इन-आर्डन या खेड्यांत स्थायिक झालें. पुढें मार्लबरो येथील शाळा, नंतर केंब्रिजला इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास. तो मात्र त्यानें पदवी न घेतांच सोडला. शाळेंतील एक गोष्ट त्याच्या वडिलांनीं पुढें सांगितली आहे. एका अहवालांत हेडमास्तरांनीं अशा अर्थाचा शेरा मारला होता कीं, या मुलास आमच्यापैकीं कोणीच नीटसें ओळखत नाहीं. हें वाचून मी जरा चपापलों. त्याचें कारण शेवटीं सांगेन.

'पिंक मून' ही त्याची तिसरी तबकडी. १९६९ व १९७१ सालीं निघालेल्या पहिल्या दोहोंत भरपूर साथसंगत होती. रॉबर्ट कर्बी या त्याच्या केंब्रिजच्या मित्रानें व्हायोलिन-चेलोंच्या सुंदर रचना करून दिल्या होत्या. दुसरींत तर ढोल, सॅक्सोफोन आणि नांवाजलेले वादक होते. जो बॉइड हा जाणता निर्माता पाठीशीं होता. एवढें असून दोन्ही तबकड्या पडून राहिल्या. मग १९७१ च्या आक्टोबरांत हा गायक लंडनमधील साउंड टेक्निक्स या स्टुडिओंत दोन रात्रीं गेला. काम रात्रीं अकराच्या सुमारास, म्हणजे इतरांचीं कामें उरकल्यावर सुरू होई. खोलींत दोघेच: तो, आणि ध्वनिमुद्रण करणारा जॉन वुड. वुडला वाटलें असावें कीं, नेहमींप्रमाणें यावर पुढें साज चढेल. पण यांत आणखी कांहीं घालावयाचें नाहीं, असें ड्रेकनें त्यास सांगितलें. पहिल्या गाण्यावर पियानोचे जे स्वर मागाहून बसविले तेवढेच. बाकी सर्व एक गिटार आणि एक आवाज.

म्हणजे मी ज्यास कच्चें म्हणालों तें कच्चें नव्हतें. तें मुद्दाम तेथेंच थांबविलेलें होतें. परंतु हा फरक नुसत्या कानांस पहिल्या वेळीं कसा कळावा? घरांत सामान नसलें म्हणजे तें दारिद्र्यामुळें कीं आवडीमुळें, हें उंबऱ्यावरून दिसत नाहीं.

आंत गेल्यावर मात्र दिसूं लागतें. दुसऱ्या खेपेस मीं गिटारीकडेच लक्ष दिलें. अंगठा खालच्या खर्जाच्या तारांवर एकसारखा चालतो, घड्याळाच्या लंबकासारखा; वरच्या तारांवर इतर बोटें निराळेंच कांहीं विणीत असतात. एका वाद्यांतून दोन वाद्यांचें काम निघतें, म्हणून साथीची उणीव तशी भासत नाहीं. शिवाय तो गिटारीच्या तारा नेहमींच्या स्वरांत जुळवीत नसे. कांहीं तारा पुष्कळ उतरवून, गाण्यागणिक जुळणी बदलून तो वाजवी. त्यामुळें मोकळ्या तारांचा गुंजारव आवाजाखालीं सतत राहतो. आमच्या कानांस तो चटकन ओळखीचा वाटतो, कारण तंबोऱ्यावर वाढलेला कान आहे हा. आवाज मात्र या चालीच्या अंमळ मागून येतो, जणूं घाई नाहीं. मायक्रोफोन जवळ असल्यानें श्वास ऐकूं येतो, बोटें तारांवरून घसरल्याचा बारीकसा आवाजहि येतो. एक गाणें तर असें आहे कीं त्यांत शब्द अवघ्या चार ओळींचे. बाकी गुणगुणणें आणि तीच ती स्वरांची माळ. दुसरें एक दीड मिनिटाचें देखील नाहीं आणि त्यांत शब्दच नाहींत.

अशा रचनेचा ऐकणारावर एक विशेष परिणाम होतो. जें मोठ्यानें वाजतें तें आपल्याकडे चालत येतें, आपण असतों तेथें येऊन आपणांस गांठतें. जें मंद असतें त्याच्याकडे आपणांसच जावें लागतें. आसपास भांड्यांचा आवाज असला, रस्त्यावर कर्णे लागले असले, कीं ही तबकडी नाहींशीच होते. तिला स्वतःचा बचाव करतां येत नाहीं.

तशी ती १९७२ सालीं नाहींशी झालीहि. त्या वेळच्या संगीतपत्रांत तिच्याविषयीं थोडेंबहुत आलें, पण गाजावाजा झाला नाहीं. कंपनीच्या प्रसिद्धिखात्यांतील डेव्हिड सँडिसन यानें 'मेलडी मेकर' पत्रांत जी जाहिरात दिली ती मोठी चमत्कारिक आहे. या गायकाच्या मागील दोन तबकड्या खपल्या नाहींत हें तींत चक्क कबूल केलें आहे, आणि तरीहि आम्ही तिसरी काढतों, कारण एखाद्या दिवशीं कोणी जाणता मनुष्य थांबून नीट ऐकेल व आमच्याशीं सहमत होईल, असा तिचा आशय आहे. माल विकणारानें इतकें खरें बोलल्याचें दुसरें उदाहरण मला ठाऊक नाहीं! खप मात्र वाढला नाहीं. प्रथम निघाल्या तेव्हां तिन्हींपैकीं एकाहि तबकडीच्या पांच हजारांहून अधिक प्रती गेल्या नाहींत, असें सांगतात.

यांत सगळा दोष श्रोत्यांचा होता असें मला वाटत नाहीं. ऑगस्ट १९६९ मध्यें बी.बी.सी.वर जॉन पील यांच्या कार्यक्रमांत तो एकदां गायला होता. परंतु जलशांत त्याचें जमत नसे. प्रत्येक गाण्यापूर्वीं तारा नव्यानें जुळवावयाच्या, तोंडांतून एक शब्द काढावयाचा नाहीं, मान वर करावयाची नाहीं. आणि समोर पेले घेऊन गप्पा मारणारी तरुण मंडळी. १९७० च्या मध्यास एका ठिकाणीं तो गाणें अर्धवट टाकून निघून गेला. त्यानंतर जाहीर गाणें जवळजवळ बंदच. ज्या मनुष्याचें नांव कानांवर पडत नाहीं, ज्याचा चेहरा दिसत नाहीं, त्याची तबकडी दुकानांत जाऊन कोणी मागावी कशी? थोरपणीं त्याचें गातांनाचें एकहि चलच्चित्र आज उपलब्ध नाहीं.

पुढें तो फार आजारी झाला. नैराश्यानें त्यास ग्रासलें, तो आईवडिलांच्या घरीं परतला, आणि २५ नोव्हेंबर १९७४ रोजीं, सव्विसाव्या वर्षीं, औषधाच्या अतिरिक्त मात्रेनें वारला. चौकशींत आत्महत्या असा निर्णय झाला. त्यास ओळखणारांपैकीं कांहींना तो अपघात वाटला. या गोष्टीचा येथें उल्लेख करावा लागतो तो एवढ्याकरितां कीं, येथून पुढें श्रोते बदलले. तबकडी तीच राहिली. पण १९७२ चा श्रोता एका अनोळखी तरुणाचें गाणें ऐकत होता, आणि त्यानंतरचा श्रोता एका मृताचें गाणें ऐकूं लागला.

मृत्यूनंतर हळूहळू त्याचें नांव पसरलें. १९७९ सालीं कंपनीनें त्याच्या तबकड्यांचा संच काढला. १९८५ मध्यें ड्रीम अकॅडमी या मंडळीचें एक गाणें पुष्कळ गाजलें. तें ड्रेकच्या स्मृतीस अर्पण केलेलें होतें. टॅनवर्थच्या घरीं दूरदूरचे तरुण येऊं लागले. दारांत उभ्या राहणाऱ्या या अनोळखी पोरांना रॉडनी व मॉली आंत घेत, त्याची खोली दाखवीत, घरीं केलेल्या ध्वनिमुद्रणांच्या प्रती काढूं देत. आपला मुलगा जिवंत असतांना जे आले नाहींत ते आतां येत आहेत, हें पाहून त्या दोघां वृद्धांना काय वाटलें असेल? त्यांनीं कोणाला परत धाडलें नाहीं, एवढें मात्र खरें.

परंतु या नव्या भक्तीबरोबर एक मतहि रूढ झालें, आणि तें मला मान्य नाहीं. तें मत असें कीं, 'पिंक मून' म्हणजे मरणापूर्वीं लिहिलेलें पत्र. तींतील प्रत्येक शब्द मृत्यूकडे बोट दाखवितो. मला नातवानें प्रथम ही तबकडी ऐकविली तेव्हां गायकाच्या आयुष्याविषयीं अक्षरहि सांगितलें नव्हतें, हें मी माझें भाग्य समजतों. माझ्या अडाणी कानांस तींत उदासपणा लागला, पण त्याबरोबर एक प्रकारची स्थिरताहि लागली. ज्याचें सर्व सुटलें आहे त्याचा अंगठा इतका अचूक चालत नाहीं. मागाहून तारखा पाहिल्या तर ध्वनिमुद्रण १९७१ च्या आक्टोबरांतलें आणि मृत्यु तीन वर्षांनंतरचा. मधल्या काळांत, १९७४ सालींच, त्यानें आणखी गाणीं ध्वनिमुद्रित केलीं आहेत. आणि तबकडीचें शेवटचें गाणें पहाटेविषयीं आहे. उजाडण्याचें, उठण्याचें गाणें आहे तें. गांवच्या चर्चच्या आवारांत त्याची समाधि आहे. तिच्या दगडाच्या मागील बाजूस याच गाण्यांतील एक ओळ कोरली आहे. ज्या मनुष्यानें रात्रीं अकराला सुरुवात करून शेवटचें गाणें पहाटेचें ठेविलें, त्याच्या कामावर दुःखाचा एकच शिक्का मारून मोकळें होणें हा त्याच्यावर अन्याय आहे. दुःख तेथें नाहीं असें मी म्हणत नाहीं. पण तेवढेंच ऐकलें तर गाणें ऐकावयाचें राहून बातमी ऐकली, असें होतें.

अमेरिकेंतील विस्कॉन्सिन प्रांतांतल्या जस्टिन व्हर्नन या गायकाच्या बाबतींत असाच प्रकार, पण सुदैवानें मृत्यूवांचून, घडला. 'बॉन इव्हेर' या नांवानें त्यानें काढलेली पहिली तबकडी त्यानें २००६-०७ च्या हिवाळ्यांत वडिलांच्या रानांतील लाकडी झोपडींत बरीचशी एकट्यानें तयार केली. ती प्रथम त्यानें स्वतःच काढली आणि २००८ सालीं एका कंपनीमार्फत ती सर्वत्र गेली. तिच्याविषयीं कोणाशींहि बोला, तो आधीं झोपडीविषयीं सांगेल, बर्फाविषयीं सांगेल, आणि मग गाण्याविषयीं. साज कमी असला म्हणजे रिकाम्या जागेंत श्रोता गायकाचें चरित्र आणून बसवितो. मोठ्या वाद्यवृंदाला ही भीति नसते.

आतां या गोष्टींतील सर्वांत अनपेक्षित भाग. १९९९ च्या अखेरीस अमेरिकेंत फोक्सवॅगन कंपनीनें आपल्या मोटारीच्या दूरदर्शनवरील जाहिरातींत 'पिंक मून' हें गाणें घातलें. चार तरुण मंडळी उघड्या मोटारींतून चांदण्या रात्रीं चालली आहेत. एका घरापाशीं मेजवानीचा गोंगाट चालला आहे. तीं तेथें पोंचतात, एकमेकांकडे पाहतात, आणि आंत न जातां मोटार मागें वळवून पुन्हां चांदण्यांत निघतात. बस्स, एवढेंच. १९९९ सालीं अमेरिकेंत या तबकडीच्या सुमारें सहा हजार प्रती गेल्या होत्या; २००० सालीं चौऱ्याहत्तर हजार गेल्या. जुने भक्त रागावले. आमचें देवघर बाजारांत मांडलें, अशी त्यांची तक्रार.

जाहिरातींविषयीं माझें मत चांगलें नाहीं. चौकाचौकांतल्या फलकांनीं माझ्या गांवचें झाडहि दिसेनासें केलें आहे. तरीहि येथें मी त्या रागावलेल्यांच्या बाजूचा नाहीं. मोटार विकणारांनीं नकळत या गाण्यास योग्य अशी जागा नेमकी हुडकली: गोंगाटाच्या दारापर्यंत जाऊन परत फिरलेलीं माणसें. सत्तावीस वर्षें जें दुकानांना व संगीतपत्रांना साधलें नाहीं तें त्या एका मिनिटानें साधलें. आणि ज्या हजारों लोकांनीं नंतर ती तबकडी घेतली त्यांना तो गायक कोण, कधीं वारला, कसा वारला, यांतलें कांहीं ठाऊक नव्हतें. म्हणजे पुष्कळ वर्षांनीं प्रथमच त्याला असे श्रोते लाभले कीं जे फक्त गाणें ऐकत होते. पुढें कित्येकांनीं चरित्र वाचलें असेल. पण ओळख गाण्यानें झाली. माझीहि तशीच झाली.

तिसऱ्या खेपेस आम्ही ती तबकडी रात्रीं अकरा वाजतां, दिवा मालवून ऐकली. गायला त्या वेळेस ऐकावें, एवढाच हेतु. घरांतील मंडळीहि येऊन बसल्या. त्यांना इंग्रजीचा गंध नाहीं. संपल्यावर त्या म्हणाल्या, "हा मुलगा आपल्यासाठीं नाहीं म्हणत. आपण आपले दाराबाहेर उभे आहोंत, एवढेंच." नातू म्हणाला, "नाहीं आजी, मला तर तो माझ्याशींच बोलतोसें वाटतें." यावर दोघांचा बराच वेळ वाद झाला, मी त्यांत पडलों नाहीं.

माझ्या मनांत तो हेडमास्तरांचा शेरा घोळत होता. माझ्या वर्गांत एक मुलगा होता. शेवटच्या ओळींत भिंतीला टेकून बसे. अभ्यासांत मध्यम, विचारलें तर उत्तर देई, न विचारतां कधीं बोलला नाहीं. मधल्या सुटींत इतर मुलें पटांगणावर गेलीं कीं हा वर्गांतच राही आणि बाकावर बोटांनीं ठेका धरून कांहीं तरी गुणगुणे. मी दारांत आलों कीं थांबे. त्याच्या प्रगतिपुस्तकांत मीं दर सहामाहीस एकच शेरा लिहीत आलों: "शांत. वर्गांत भाग घेत नाहीं." लिहितांना मला त्यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं, चाळीस मुलांचीं पुस्तकें भरावयाचीं असत. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मीं माळ्यावरची ट्रंक काढून माझ्या जुन्या टांचणवह्या चाळल्या. त्या वर्षाची वही सांपडली. मुलाचें नांव आहे, हजेरी आहे, गुण आहेत. तो काय गुणगुणत असे, तें मीं कधीं विचारलें नाहीं, म्हणून तें तेथें नाहीं.